जुन्या पिकअपच्या हौद्याची निगा

मालवाहू गाडीचा जो भाग सर्वांत अधिक राबतो, त्याच भागाकडे धन्याचें लक्ष सर्वांत कमी जातें. पुढची कांच पुसली जाते, दिवे लखलखीत ठेवले जातात, रेडिएटरमधील पाणी नेमानें पाहिलें जातें. परंतु मागच्या हौद्यांत सळया आदळल्या, कपाटाचा पाय घासत गेला, रेतीचें घमेलें फरफटत ओढलें गेलें, तर "माल वाहावयाचा म्हणजे ओरखडे यावयाचेच" एवढें म्हणून तो विषय संपविला जातो. नव्या गाडीच्या बाबतींत ही बेफिकिरी कांहीं वर्षें खपून जाते. पण जिचा हौदा तीस-चाळीस वर्षांपूर्वीं घडविला गेला आणि जिच्या मापाचा दुसरा हौदा आज कोणत्याही दुकानांत तयार मिळावयाचा नाहीं, अशा जुन्या पिकअपच्या बाबतींत ती फार महाग पडते.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यांत अशा गाड्या अजून दृष्टीस पडतात, आणि त्यांत नवल कांहींच नाहीं. मोटारधंद्याची जुनी पेठ येथून हाकेच्या अंतरावर होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज आणि फार्गो जातीच्या मालमोटारी बाहेर पडत. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीप जोडण्यास आरंभ केला व पुढें त्याच घराण्यांतील मालवाहू गाड्या काढल्या. गोरेगांवांत १९५८ सालीं तयार होऊं लागलेल्या तीनचाकी गाडीचें 'टेम्पो' हें नांव तर मराठी भाषेनें इतकें आपलेंसें केलें कीं, मागें हौदा असलेल्या हरएक छोट्या वाहनास तें चिकटलें. टाटांची टाटामोबाईल ही पिकअप १९८८ सालीं आली. खुद्द डोंबिवलीस कल्याण-शीळ मार्गावर प्रीमियरचा कारखाना होता. त्यांत १९९० च्या दशकांत प्यूजो जातीच्या गाड्या बनत. तो कारखाना केव्हांच थांबला, तरी त्या बाजूच्या वस्तीनें प्रीमियरचें नांव टिकवून धरलें आहे.

या गाड्यांपैकीं जी एखादी आज घराच्या अंगणांत किंवा वागळे इस्टेटींतील गाळ्यापुढें उभी असते, तिच्या मागें बहुधा एका कुटुंबाचा इतिहास असतो. वडिलांनीं किंवा आजोबांनीं कर्ज काढून ती घेतलेली असते. कल्याणच्या बाजारांतील भाजी, उल्हासनगरचीं लांकडी व लोखंडी सामानें, छापखान्याचे कागद असा माल वाहून तिनें मुलांच्या शाळेची फी भरलेली असते. आतां ती रोज राबत नाहीं; रविवारीं फेरफटका मारते, अधूनमधून घरचें सामान हलविते. अशा गाडीचें इंजिन दुरुस्त होतें, चाकें नवीं मिळतात, बैठकीस नवें कापड चढतें. हौद्याचा पत्रा मात्र एकदां कुजला कीं कुजला. म्हणून तो कुजतो कसा आणि त्याचें रक्षण कसें करावें, याचा विचार थोडा मुळापासून करणें इष्ट आहे.

येथें पहिला प्रश्न असा उद्भवतो कीं, ओरखडा हें दुखणें खरोखर कितपत मोठें मानावें? याचें उत्तर ओरखड्याच्या लांबीवर नसून खोलीवर अवलंबून आहे. हौद्याचा पत्रा पोलादाचा असतो. त्यावर प्रथम प्रायमर म्हणजे तळरंग चढवितात व त्यावर वरचा रंग देतात. कित्येक ओरखडे केवळ वरच्या रंगावर उमटतात. ते डोळ्यांस खुपतात, पण पत्र्यास कांहीं करीत नाहींत. ओरखड्यावरून आडवें नख फिरवून पाहावें. नख सहज सरकलें, तर काळजीचें कारण नाहीं. नख अडकलें आणि खांचेच्या तळाशीं धातूची चकाकी किंवा तांबूस रेघ दिसली, तर पोलाद उघडें पडलें आहे असें समजावें. पहिल्या जातीचे शंभर ओरखडे सोसावेत. दुसऱ्या जातीचा एकही सोसूं नये.

उघड्या पोलादास हवा आणि पाणी ही जोडी मिळाली कीं गंज सुरू होतो. दोहोंपैकीं एकच असेल तर तो सुरू होत नाहीं. गंज हा लोखंड, प्राणवायु आणि पाणी यांच्या संयोगानें बनलेला पदार्थ असून त्याचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरतें. यामुळें तो जागच्या जागीं शांत बसत नाहीं. खांचेंत जन्मलेला गंज फुगतो, शेजारचा धडधाकट रंग उचलतो, उचललेल्या रंगाखालीं पाणी शिरतें, आणि गंज आणखी पसरतो. आज केसाएवढी असलेली रेघ दोन पावसाळ्यांनंतर रुपयाएवढा फोड होते, तें याच कारणानें. पत्र्याची जाडी ती केवढी? बहुधा एक-दीड मिलिमीटर. तीं भोंकें पडावयास कितीसा अवकाश लागणार!

दिल्लीस कुतुबमिनाराजवळ उभा असलेला लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर राहूनही शाबूत आहे, मग मोटारीचाच पत्रा इतका नाजूक कां, अशी शंका कोणास येईल. त्या स्तंभाच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण बरेंच आहे आणि त्याच्या योगानें पृष्ठभागावर एक घट्ट, संरक्षक थर तयार झाला आहे, असें कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनीं आपल्या संशोधनानें दाखविलें. शिवाय दिल्लीची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. मोटारीच्या पत्र्यांत तसें स्फुरद नसतें, आणि ठाण्याची हवा दिल्लीची नव्हे.

ठाण्याच्या हवेचा विचार येथें अवश्य केला पाहिजे. या भागांत वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली कीं लोखंड गंजण्याचा वेग वाढूं लागतो. पावसाळ्यांत येथील हवा बहुतेक सर्व काळ याहून दमट असते. त्यांत खाडी. खाडीचें पाणी खारें असून मीठ हें गंजाचें मोठें साहाय्यक आहे. मिठाच्या पाण्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सुलभतेनें वाहतो आणि गंज ही मुळांत विजेचीच एक क्रिया आहे. मुंब्र्यास, डोंबिवलीस, कल्याणास खाडीकांठीं 'रेती बंदर' हें नांव जागोजाग आढळतें. खाडींतील ओली रेती वाहून नेणें म्हणजे काचकागद आणि मीठ एकाच वेळीं हौद्यांत भरणें होय : रेतीचे कण रंग खरवडतात आणि त्यांस चिकटलेलें खारें पाणी उघड्या झालेल्या पोलादास ताबडतोब लागतें. कोळीवाड्यांतून निघणाऱ्या मासळीच्या पेट्यांचें तेंच. बर्फ वितळून जें खारट पाणी झिरपतें, तें हौद्याच्या कोपऱ्यांत जाऊन बसतें. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरांतून आम्लाचे किंवा क्षारांचे पिंप वाहणाऱ्या गाडीस तर आणखी जपलें पाहिजे. पिंपाच्या तळाशीं राहिलेला एखादा थेंबही रंग खाऊन टाकतो.

इतकें समजल्यावर गाडीच्या धन्यास जो उपाय प्रथम सुचतो, तो असा कीं, हौदा झांकून टाकावा. म्हणजे ओरखडाही नको आणि पाणीही नको. विचार सरळ दिसतो. परंतु जुने हौदे जितके उघडे राहून गेले, तितकेच, किंबहुना अधिकच, चुकीच्या झांकणाखालीं गेले आहेत. त्याचें कारण एका साध्या प्रयोगानें कळतें. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत स्वच्छ पोलादाच्या पृष्ठावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून काय होतें तें पाहिलें. थेंबाची कड पातळ असल्यामुळें तेथें हवा सहज पोंचते. मध्यभागीं पाण्याचा थर जाड, म्हणून तेथें हवा कमी पोंचते. सामान्य माणसास वाटेल कीं, जेथें हवा अधिक तेथें पोलाद अधिक झिजावें. घडतें तें उलट. झीज थेंबाच्या मध्याखालीं होते. गंजाचें वलय मात्र तेथून थोडें बाहेर, कडेच्या बाजूस उमटतें. हवेस मुकलेला भाग खाल्ला जातो आणि हवेशीर भाग वांचतो.

हा थेंब मनानें मोठा करावा, आणि त्या जागीं हौद्याच्या तळावर पसरलेली एक रबरी चटई कल्पावी. चटईच्या कडेनें पावसाचें पाणी आंत शिरतें. तें मध्यापर्यंत पोंचतें, पण तेथून वाळून बाहेर पडण्यास त्यास वाट नाहीं. कड हवेशीर आहे, मध्य कोंडलेला आहे. वरून पाहणारास चटई कोरडी, स्वच्छ, शोभिवंत दिसते. आणि खालीं तिच्या मध्यावर, जेथें एखादा जुना ओरखडा आहे, तेथें पोलाद दिवसेंदिवस पातळ होत जातें. एके दिवशीं चटई उचलतांच तिच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघून येतात. यावरून हौद्याच्या रक्षणाचा मुख्य नियम हातीं येतो : जें आच्छादन ओरखडा टाळतें पण पाणी कोंडतें, तें आच्छादन नसलेलें बरें. आच्छादन असें असावें कीं ज्याखालून पाणी निघून जाईल, हवा खेळेल, आणि जें हातानें उचलून खालीं पाहतां येईल.

हें तत्त्व घरांतील स्त्रियांस नवें नाहीं. पितळेच्या पातेल्यास कल्हई असते तोंवर त्यांत आमटी कळकत नाहीं. म्हणून जाणती गृहिणी त्या पातेल्यांत लोखंडी उलथणें चालवीत नाहीं, लांकडी डाव वापरते, आणि आंतून पांढरेपणा जाऊन पिवळेपणा दिसूं लागला कीं कल्हईवाल्याची वाट पाहते. थर जपावयाचा, तो रोज नजरेखालीं ठेवावयाचा, आणि गेला कीं वेळेवर पुन्हां द्यावयाचा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली याहूनही एक पाऊल पुढें आहे. तिच्यावर ओरखडा पडला तरी शेजारचें जस्त स्वतः झिजून आंतील लोखंडास कांहीं काळ सांभाळून घेतें. जुन्या पिकअपच्या पत्र्यावर सहसा असा जस्ताचा मुलामा नसतो; तेथें रंग हीच काय ती ढाल.

जुन्या काळच्या कारागिरांनीं मात्र हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. बैलगाडीच्या साटीवर शेतकरी बांबूची तट्टी अंथरीत असे. खत वाहिलें, दगड वाहिले, तरी झीज तट्टीची होई, साटीची नव्हे, आणि तट्टी दर एक-दोन वर्षांनीं बदलतां येई. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं कारखान्यांतच हौदा बसविलेली पहिली पिकअप विक्रीस काढली, तिचा हौदा पोलादी होता. पण पुढें तिकडील अनेक पिकअप गाड्यांच्या हौद्यांस लांकडी फळ्यांचा तळ असे आणि फळ्यांच्या सांध्यांवरून पोलादी पट्ट्या लांबवर बसविलेल्या असत. पेटी सरकवितांना ती पट्टीवरून घसरे, फळीस लागत नसे. फळी खराब झाली तर तेवढीच बदलीत. आपल्याकडील मालमोटारींचे हौदे बांधणारे सुतार व लोहारही पुष्कळ काळ लांकडी तळच बांधीत आले. ज्याचा मूळ तळ असा लांकडी आहे, त्यानें तो काढून पत्रा ठोकण्याचा मोह टाळावा. लांकडास उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात उन्हाळ्यांत द्यावा, म्हणजे पुरे. एक सावधगिरी मात्र विसरूं नये : तेलानें माखलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यांत टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात, त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यांत बुडवून मग फेकाव्यात.

आतां पोलादी तळ असलेल्या हौद्यासाठीं बाजारांत जीं आच्छादनें मिळतात, त्यांची वरील नियमावर परीक्षा करावी. पहिलें, प्लॅस्टिकचें तयार लायनर. हें हौद्याच्या आकाराचें एक खोलगट ताट असतें व तें वरून नुसतें बसवितात. आदळआपट तें चांगली सोसतें. परंतु गाडी चालूं लागली कीं तें पत्र्यावर थरथरतें, आणि मध्यें अडकलेली धूळ काचकागदाचें काम करते; वरचे ओरखडे वांचतात व खालचे निर्माण होतात. त्यांत पाणीही अडतें. नव्या पिकअपच्या मापांचीं लायनरें जुन्या हौद्यांस नीट बसत नाहींत, मग तीं भोंकें पाडून स्क्रूनें आवळलीं जातात. प्रत्येक भोंक हा एक नवा, आरपार ओरखडाच होय. जुन्या गाडीस हा प्रकार सोईचा नाहीं.

दुसरें, फवारून बसविण्याचें अस्तर. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया या द्रव्यांचा जाड थर पत्र्यावर फवारतात. तो पत्र्यास सर्वांगानें चिकटत असल्यामुळें खालीं पाणी शिरावयास पोकळी राहत नाहीं. रोज माल वाहणाऱ्या गाडीस हा उत्तम उपाय आहे, पण दोन अटींवर. पत्रा आधीं पुरता गंजमुक्त, खरखरीत, तेलविरहित आणि कोरडा केलेला असला पाहिजे. गंजावर फवारलेलें अस्तर म्हणजे पू राहूं देऊन वरून बांधलेली जखम. आणि हें काम पावसाळ्यांत करूं नये, कारण यांतील कांहीं द्रव्यें हवेंतील दमटपणाशीं संयोग पावून बुडबुडे धरतात. फवारतांना निघणाऱ्या आयसोसायनेटच्या वाफा फुप्फुसांस घातक आहेत. म्हणून हें काम घराच्या अंगणांत हौसेनें न करितां, योग्य मुखवटा व हवा खेळती ठेवण्याची सोय असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावें. शिवाय एकदां बसलेलें अस्तर सहजासहजीं निघत नाहीं. ज्यास गाडीचें मूळ रूप राखावयाचें आहे, त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रकार ॲल्युमिनियमच्या उंचवट्यांच्या पत्र्याचा. गॅरेजवाले त्यास चेकर प्लेट म्हणतात. तो दिसतो झोकदार. परंतु दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकल्या कीं त्यांच्यांत विजेचा प्रवाह सुरू होतो आणि एक धातु दुसरीसाठीं झिजूं लागते. येथें झिजतें तें ॲल्युमिनियम. पण त्याची पांढरी भुकटी सांध्यांत सांचून ओल धरून ठेवते, आणि त्या कोंडलेल्या ओलीनें पोलादही सुटत नाहीं. तो बसवावयाचाच असेल, तर दोहोंमध्यें रबराच्या पट्ट्या घालाव्यात.

या सर्वांत जुन्या, अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या पिकअपसाठीं सर्वांत निर्धोक ठरतो तो चौथा प्रकार, आणि तो कोणताही सुतार एका दिवसांत करून देतो. साग किंवा तशाच टिकाऊ लांकडाच्या पट्ट्या एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवून, खालून दोन-तीन आडव्या पट्ट्यांनीं जोडाव्यात; म्हणजे न्हाणीघरांत असतो तशा तऱ्हेचा पाट तयार होतो. पूर्ण हौद्याचा एकच पाट न करितां दोन किंवा तीन तुकडे करावेत, म्हणजे एकटा माणूस ते उचलूं शकेल. आडव्या पट्ट्यांच्या खालीं रबराचे तुकडे बसवावेत. लांकूड पत्र्यास टेकणार नाहीं आणि खालून हवा वाहील. आडव्या पट्ट्या पाण्याच्या उताराच्या आड येणार नाहींत, अशा बेतानें त्यांस खांचा द्याव्यात. एकही भोंक पाडूं नये. पाट आपल्या वजनानें बसावा, आणि हालूं लागल्यास कडेस लांकडाच्या पाचरी माराव्यात. पाट घालण्यापूर्वीं हौद्याच्या कोपऱ्यांतील निचऱ्याचीं छिद्रें तारेनें मोकळीं करावींत. कित्येक हौदे केवळ या बुजलेल्या छिद्रांपायीं कुजतात. रबरी चटई घालावयाची असल्यास खालच्या बाजूस उभे कंगोरे असलेली निवडावी, आणि तीही कायम पसरून ठेवूं नये. माल भरतांना घालावी, उतरल्यावर गुंडाळून ठेवावी. गोणपाटाची गोष्टही तशीच. घासणाऱ्या वस्तूखालीं तें फार उपयोगी पडतें, पण ओलें गोणपाट हौद्यांत राहूं देणें म्हणजे पत्र्यास दिवसरात्र ओल्या पट्ट्या बांधून ठेवणें होय.

आच्छादन घालण्यापूर्वीं जुने ओरखडे मिटविले पाहिजेत. त्यासाठीं पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरचे दिवस उत्तम. हौदा गोड्या पाण्यानें धुऊन दोन दिवस कडक उन्हांत वाळवावा. ओरखड्यांतील गंज ८० किंवा १२० क्रमांकाच्या काचकागदानें चमकदार पोलाद लागेपर्यंत काढावा. मग ३२० क्रमांकाच्या कागदानें भोंवतालच्या रंगाची कड उतरती करावी, म्हणजे नव्या रंगास पायरी राहत नाहीं. बारीक छिद्रांत उरलेल्या गंजास स्फुरदाम्लयुक्त द्रव, हातमोजे घालून, लावावा व तो डब्यावरील सूचनेप्रमाणें पुसून काढावा. त्यानंतर एपॉक्सी किंवा जस्तयुक्त तळरंग, आणि त्यावर वरच्या रंगाचे दोन हात. नुसता लाल तळरंग लावून "पुढच्या महिन्यांत रंगवूं" असें म्हणणारांनीं एवढें जाणावें कीं, तळरंग सच्छिद्र असतो. वरचा रंग नसेल तर एका पावसांत तो पाणी शोषून घेतो. आणखी एक गोष्ट. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम भारतांत नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. जुन्या गाडीच्या अंगावरील रंग त्याच्या कितीतरी आधींचा असून त्यांत शिसें असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून जुना रंग कोरडा घासूं नये, कागद पाण्यांत भिजवून घासावा, चिखल गोळा करून टाकावा आणि मुलांस त्या जागीं येऊं देऊं नये. ओला घासलेला पत्रा लगेच पुसून उन्हांत वाळवावा, नाहीं तर संध्याकाळच्या आंत त्यावर नवी तांबूस छटा येते.

रंगाहून आणि पाटाहूनही अधिक रक्षण माल भरण्याच्या रीतीनें होतें. हौद्यांतील बहुतेक खोल ओरखडे वजनानें पडत नाहींत, ओढण्यानें पडतात. पोलादी कपाट दोघांनीं उचलून ठेवलें तर रंगास कांहीं होत नाहीं. तेंच एकट्यानें फाळक्यावरून रेटलें तर त्याचा पाय टोंकापासून टोंकापर्यंत नांगर चालवितो. जड वस्तु चढवितांना फाळक्याच्या कडेवर जुन्या टायरचा तुकडा किंवा दुमडलेलें गोणपाट टाकावें, आणि आंत ती फळीवरून सरकवावी. सळया व पाइप यांच्या टोंकांस चिंध्या बांधाव्यात. माल दोरीनें घट्ट बांधावा, कारण वळणावर सरकणारी पेटी हातानें ओढलेल्या पेटीइतकीच खरवडते. रेती, मासळी, मीठ, खत यांपैकीं कांहीं वाहिलें असेल, तर त्याच दिवशीं हौदा गोड्या पाण्यानें धुवावा, आणि मागचीं चाकें सखल बाजूस ठेवून फाळका उघडा टाकावा, म्हणजे पाणी निथळून जाईल.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या बाळगणारांस या सगळ्या खटाटोपाचें आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या वारसा-वाहनांच्या नोंदणीविषयीं नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, धंद्यासाठीं न वापरलें जाणारें आणि मूळ स्वरूपांत राखलेलें वाहन, अशी त्यांत अट आहे. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली नसावी, हा त्या अटीचा अर्थ. नियमाचा लाभ कोणास मिळतो हा प्रश्न निराळा. पण जाणकार लोक जुन्या वाहनाचें मोल कशावर ठरवितात, तें यावरून स्पष्ट होतें. मूळ हौद्यावर दहा पुसट ओरखडे असले तरी तो मूळ हौदा आहे. कुजलेला हौदा कापून नवा, गुळगुळीत, चकचकीत पत्रा जोडला, तर गाडी सुंदर दिसेल, पण ती आजोबांची गाडी राहणार नाहीं. म्हणून अशा गाडीवर प्रत्येक ओरखडा पुसून टाकण्याचा अट्टहास करूं नये. पत्र्यापर्यंत न पोंचलेले ओरखडे तसेच राहूं द्यावेत. ते तिच्या श्रमाचे आहेत.

राहतां राहिला प्रश्न आठवण ठेवण्याचा. त्यासाठीं वही नको, पंचांग पुरे आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, पाट बाहेर काढावा, छिद्रें मोकळीं करावींत, उघडें पोलाद दिसेल तेथें तळरंग व रंग द्यावा. पावसाळ्यांत उघडीप मिळेल त्या दिवशीं पाट उभा करून तासभर हौद्यास वारा द्यावा; गाडीवर ताडपत्री टाकली असेल तर ती हौद्यास चिकटून न राहतां मध्यें बांबू घालून उंच धरावी. आणि पाऊस सरल्यावर येते खंडेनवमी. त्या दिवशीं हत्यारांची आणि वाहनांची पूजा करण्याचा परिपाठ घरोघर आहे. पुढच्या बाजूस झेंडूची माळ चढते, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात. त्याच सकाळीं माळ घालण्यापूर्वीं मागें जाऊन फाळका उघडावा, पाट उचलावे, आणि चारी कोपऱ्यांवरून एकदां नख फिरवून पाहावें.